ओटा कुणाच्या मापाचा?


स्वयंपाकघर नव्याने करताय?
मग टाइल्सचा रंग जरा मागे राहू द्या.
आधी ओट्याची उंची ठरवा.

घरात रोज पोळ्या कोण लाटतं?
त्यांना ताठ उभं करा.
कोपरात हात वाकवायला सांगा.
कोपरापासून दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली ओटा हवा.
लाटणारे पुरुष असतील, तर माप त्यांचं घ्या बरं का!

शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये चिरायला जागा ठेवा.

सिलिंडर ओट्याखाली आहे?
मग कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवीच.
हा गॅस हवेपेक्षा जड असतो.
गळला, की खाली साचतो.
बंद कपाटात ते धोक्याचं.

पुन्हा सांगते.
ओट्याची उंची कोपरावरून ठरवा.
मिस्त्री म्हणतील, “सगळीकडे एवढाच करतात.”
म्हणू द्या.
भिंतीवर पेन्सिलची खूण आधीच करून ठेवा.