हाताशी तह



वाद्यसाधनेविषयी आपल्याकडे जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात सोसण्याचा गौरव फार आहे. बोटांतून रक्त येईतो केलेल्या रियाझाच्या कथा आपण शिष्यांना भक्तिभावाने सांगतो; आणि त्या कथांवर वाढलेला वादक साठी ओलांडल्यावर सांधा ठणकू लागला, तरी त्या ठणक्याला आपल्याच आळसाचे रूप समजून अधिक जोराने वाजवू लागतो. विशीतल्या हाताला ही शिकवण कदाचित मानवत असेल. उतारवयातल्या किंवा इजा झालेल्या हाताला ती घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी आज गिटारच्या निमित्ताने मांडणार आहे, कारण आयुष्यभर मी तेच वाद्य वाजवत आलो, आणि अलीकडे डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठाण मांडून बसलेल्या संधिवाताच्या अमलाखाली वाजवत आहे.

प्रथम या वाद्याचा हातावर बोजा किती, ते पाहू. पोलादी तारांच्या गिटारवर नेहमीच्या हलक्या जाडीच्या सहा तारा सुरात लावल्या, म्हणजे त्यांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोंपर्यंत जातो. नायलॉनच्या तारांचा ४० किलोंच्या आसपास राहतो. डाव्या हाताची बोटे या ताणाविरुद्ध तार पडद्यावर दाबतात आणि गळ्यामागून अंगठा त्यांना प्रतिकार देतो, म्हणजे वाजवणे चालू असेतो हात अखंड चिमटीतच असतो. चिमटीत अंगठ्याच्या टोकाशी एक किलो दाब दिला, तर त्याच्या मुळाच्या सांध्यावर सुमारे बारापट भार येतो, हे शरीरशास्त्राचे गणित ठाऊक झाले, की पन्नास वर्षे ‘बारे’ धरणाऱ्या, म्हणजे पहिले बोट सहाही तारांवर आडवे दाबणाऱ्या वादकाची तेथील कूर्चा झिजली, यात नवल वाटत नाही. बोटे मिटवणाऱ्या कंडरांची कथा निराळी. नेफ्यातून नाडी सरकावी तशा त्या आपल्या आवरणातून सरकतात. आवरण जाड झाले, की मिटलेले बोट अडकते आणि खटकन् उघडते. मनगटात मज्जातंतू दाबला गेला, तर रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडते. या सर्व विकारांना वेळीच उपाय आहेत: विश्रांती, आधारपट्टी, क्वचित सुई, क्वचित छोटी शस्त्रक्रिया.

मात्र एक विकार असा आहे, की त्यात मुळीच दुखत नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवतो. बोट केवळ वाद्यावर ठेवताच आपोआप आत वळते किंवा ताठ होते. लिहिताना, जेवताना तेच बोट निर्दोष चालते. फोकल डिस्टोनिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे मूळ हातापेक्षा मेंदूच्या आज्ञाव्यवस्थेत असते. लिऑन फ्लायशर या थोर अमेरिकन पियानोवादकाचा उजवा हात १९६० नंतरच्या दशकात याच विकाराने निकामी झाला. त्याने अधिकाधिक सराव करून पाहिला, आणि पुढे कित्येक वर्षे डाव्या हाताच्या रचना, संगीतसंचालन व अध्यापन यांवर त्याला आपले संगीत चालवावे लागले. जेथे सराव हाच रोग वाढवतो, तेथे निष्ठेचे कौतुक करणारा गुरू शिष्याचे नुकसान करतो, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो.

आता ज्यांनी वाजवणे सोडले नाही, त्यांनी नेमके काय केले, हे पाहिले पाहिजे. लेस पॉल हा अमेरिकन वादक आणि वाद्यसंशोधक. विजेच्या गिटारच्या इतिहासात त्याचे नाव कायमचे कोरलेले आहे. १९४८ च्या जानेवारीत ओक्लाहोमा प्रांतात बर्फाळ रस्त्यावरून त्याची मोटार घसरली आणि उजवे कोपर चुरडले गेले. हात वाचला, तरी कोपर पुन्हा वाकणार नाही, ज्या कोनात बसवू त्याच कोनात जन्मभर राहील, असे शल्यविशारदांनी सांगितले. तेव्हा गिटार धरता येईल अशाच कोनात ते बसवा, अशी दरखास्त त्याने केली आणि ती मंजूर झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, पत्नी मेरी फोर्ड हिच्यासह केलेली ‘हाउ हाय द मून’ ही त्याची ध्वनिमुद्रिका देशभर गाजली. परंतु मला याहून मोलाचे वाटते ते त्याचे म्हातारपण. संधिवाताने बोटे आखडत गेली, तरी न्यूयॉर्कमध्ये दर सोमवारी संध्याकाळी तो छोट्या संचासह वाजवत राहिला, आणि २००९ मध्ये ९४ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्याचा हा क्रम जवळजवळ अखंड होता. तारुण्यातल्या झपाट्याच्या जागा त्याने सोडून दिल्या, उरलेल्या बोटांना झेपतील असे थोडे स्वर घेतले, आणि भरण्याचे काम सोबत्यांकडे सोपवले.

दुसरे उदाहरण इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या अखेरच्या दिवशी टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. म्हणजे नेमकी तारा दाबणारी बोटे गेली. खचलेल्या त्या मुलाला कारखान्यातल्या मुकादमाने गिटारवादक जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजून दोन बोटे आखडली होती, आणि त्याने स्वरपंक्तींसाठी उरलेल्या दोन बोटांची निराळी वहिवाट पाडली होती, हे त्या मुलाला तेव्हा कळले. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चढवले, बारीक तारा मिळवल्या, आणि पुढे १९७१ च्या सुमारास तारा तीन अर्धस्वरांनी उतरवून लावल्या. ब्लॅक सबाथ या त्याच्या संचाचा तो जड, खोल नाद पुढे एका संपूर्ण संगीतप्रकाराची ओळख ठरला. सत्तरी ओलांडल्यावरही तो तशीच टोपणे घालून वाजवत राहिला.

तारा उतरवण्याच्या या युक्तीचे गणित सोपे आहे. तारेचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो; म्हणून एक अर्धस्वर उतरवला तर ताण सुमारे अकरा टक्के, पूर्ण स्वर उतरवला तर वीस टक्के, आणि आयोमीसारखे तीन अर्धस्वर उतरवले तर तीस टक्क्यांच्या जवळपास कमी होतो. तारा पूर्ण स्वराने उतरवून दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला, की स्वर मूळचाच राहतो, परंतु ताण घटतो, पडद्यांमधले अंतर कमी होते आणि बोटांना ताणावे लागत नाही. घोडीपाशी तारांची उंची थोडी कमी करून घेणे, हेही कुशल कारागिराकडून अर्ध्या तासात होणारे काम आहे. ज्याला पोलाद झेपत नाही त्याने नायलॉनकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धात आतड्याचा माल शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी राखला गेल्यामुळे वाद्यांना तारा मिळेनात, त्या टंचाईतून न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा सिद्ध केल्या, आणि त्यांवर स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया नव्वदी ओलांडल्यावरही मैफली करीत राहिला.

आणि ज्याच्या बोटांना तार दाबणेच अशक्य झाले, त्याला आपल्याच देशाने दाखवलेला एक मार्ग आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारेवर पोलादी कांब सरकवून रागसंगीत वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह १९६७ मध्ये निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. या पद्धतीत तार पडद्यापर्यंत दाबावी लागत नाही, कांब नुसती तारेवर टेकते, आणि अंगठ्याच्या मुळाची ती चिमटी संपते. नवी विद्या साठीनंतर शिकायला संकोच वाटतो, हे मी जाणतो. परंतु कानाने चाळीस वर्षे कमावलेले सर्व काही या नव्या विद्येत जसेच्या तसे कामी येते.

मी स्वतः काय करतो, असे मला अनेकदा विचारतात. सकाळी हात कोमट पाण्यात धरतो. वीस मिनिटे वाजवतो, तितकाच वेळ थांबतो. ‘बारे’ जेथे टाळता येईल तेथे चारच्या जागी तीन स्वर घेतो. आणि ठणका दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला, तर त्या दिवशी गिटार पेटीबाहेर काढत नाही. हे करताना बाख या संगीतकाराच्या रचना वाजवणे माझ्याकडून कमी झाले, हे खरे आहे, आणि त्याचे मला दुःख आहे. त्या दुःखाला आपण वादकांनी उघडपणे जागा दिली पाहिजे, कारण ते दडपून ठेवणाराच वादक पुन्हा हात मोडेपर्यंत वाजवतो.

शेवटी एक विनंती. हाताच्या वैद्याकडे जाल तेव्हा वाद्य बरोबर न्या, आणि तेथे ते वाजवून दाखवा. मनगट कोणत्या क्षणी वाकते, अंगठा कोठे अडतो, खांदा केव्हा वर चढतो, हे मोकळ्या हाताच्या तपासणीत दिसत नाही, आणि क्ष-किरणांच्या चित्रातही दिसत नाही.