देहाचं पाटपाणी



कीर्तनात आम्ही देहाला नाशिवंत म्हणतो. ते खरंच. पण आळंदीहून पंढरीपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर चालायचे ते याच देहानं. म्हणून वारीतल्या डॉक्टर मंडळींकडून जे ऐकलं, ते आमच्या शेतकरी भाषेत सांगतो.

ठिबकची नवी नळी लवचिक असते. जुनी होऊन ताठली, की पाण्याच्या दाबानं तडकते. रक्तवाहिनीचंही तसंच. काळीज रक्त ढकलतं, तेव्हा लवचिक नळी जरा फुगून जोर सोसते. ताठलेली सोसत नाही. मग तो जोर मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांवर जातो. माणूस धडधाकट दिसतो आणि एकाएकी अर्धांग होतं.

वयानं नळी ताठतेच, पण ताटातलं अन्न तिला लवकर ताठवतं. नळीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू करतात, त्यानं नळी सैल राहते. या शोधाला १९९८ साली नोबेल मिळालं. रक्तात साखर सदा जास्त राहिली, की तो वायू कमी पडतो. वर साखर नळीच्या धाग्यांना चिकटून त्यांना कडक करते. जास्त मिठानंही नळी ताठते.

आता एकादशी. आपल्यात म्हणच आहे, एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे बहुतेक पिठूळच, त्याची साखर झटकन होते. त्यापेक्षा फळ, ताक, मूठभर शेंगदाणे बरे. एरवी भाकरी, डाळ आणि माठ, पालक अशी पालेभाजी खावी. पालेभाजीतून देहाला त्याच वायूचा कच्चा माल मिळतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर. लोणचं, पापड, शेव त्यातच धरायची. माळ घातली, मद्यमांस सुटलं, पण तंबाखूची चंची कमरेलाच राहिली, असं नको. तंबाखू नळी आवळतो.

रक्तदाबाची गोळी वारीत, उपवासातही बंद करू नये. साखरेची गोळी असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारावं, साखर फार उतरू शकते.

पूर्वजांनी चालत आपल्या दिंडीला शंभर वर्षांवर आणलं. पुढची वाट आपल्याच पायांनी तुडवायची आहे. प्रस्थानाआधी प्रत्येकानं एकदा दाब मोजून घ्यावा, एवढं आमचं मागणं.

रामकृष्णहरी!