उतरतें वजन आणि उतरलेले कपडे

पुण्यांतील एका गृहस्थांस डॉक्टरांनीं मधुमेहाच्या भयानें वजन घटविण्यास सांगितलें. वजन ९२ किलो, कमरेचें माप ४२ इंच. पथ्य आणि नित्याचें चालणें यांच्या योगानें सहा महिन्यांत वजन ८० किलोंवर आलें, आणि एक नवीच पीडा उभी राहिली. विजारी कमरेवर ठरेनात. पट्ट्यास नवीं भोकें पाडावीं, तर कमरेभोंवतीं चुण्यांचें गांठोडें दिसे. नवे कपडे शिवावे, तर तीन महिन्यांनीं तेही झोळ होणार. न शिवावे, तर कचेरींत जावें कसें? औषधपाण्याचा खर्च वजा जातां कपड्यांसाठीं महिन्यास ८०० रुपयांहून अधिक निघणें शक्य नव्हतें.

पत्नीनें मंगळवार पेठेंत बुधवारीं आणि रविवारीं भरणाऱ्या जुन्या बाजाराचें नांव काढलें. गृहस्थांस तें रुचलें नाहीं. दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलें वस्त्र. कोण जाणे, तो मनुष्य हयात तरी असेल कीं नाहीं! वास्तविक ह्याच घरानें बोहारणीशीं अर्धा तास घासाघीस करून चार विजारींवर एक स्टीलचें पातेलें मिळविलें होतें. त्या विजारी पुढें कोठें जातात, हा विचार तेव्हां कोणास शिवला नव्हता. पत्नीनें मात्र वाद घातला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, "अहो, मामंजींच्या मागें त्यांचा गरम कोट तुम्हींच दहा हिवाळे वापरलात ना?"

रविवारीं दोघें बाजारांत गेलीं.

अशा खरेदींत कमरेपेक्षां खांद्याकडे आधीं पाहावें लागतें. वजन घटलें तरी खांद्यांची रुंदी फारशी बदलत नाहीं. खांद्यावर नीट बसणारा सदरा बाजूंनीं सहज आंत घेतां येतो. खांदाच उतरत असेल, तर बाही उसवून पुन्हां बसवावी लागते आणि शिंपी सदऱ्याच्या किमतीहून अधिक मजुरी मागतो. विजार मागच्या मधल्या शिवणीवर दोन इंच आंत घेतां येते. त्याहून अधिक घेतल्यास मागचे दोन खिसे एकमेकांस भिडूं लागतात. उलट, तंग विजार सैल करावयाची, तर शिवणींत माया किती ठेवली आहे तें उलटून पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. बैठकीचें कापड उजेडासमोर धरावें. तेथें तें विरलें असेल, तर बाकीची विजार कितीही कोरी दिसो, ती टाकावी. लोकरीच्या कपड्यास कसर लागली आहे काय, हेंही पाहावें. घरीं आणल्यावर सुती कपडे कढत पाण्यांत धुवून कडक उन्हांत वाळवावे.

स्त्रियांस हा त्रास पुष्कळ कमी. साडीस माप नाहीं, आणि ब्लाउजच्या बाजूंस आणखी एक टीप घातली कीं काम भागतें. धोतर नेसणाऱ्या आजोबांसही हा प्रश्न पडला नसता!

त्या दिवशीं गृहस्थांनीं ३८ इंचांच्या दोन विजारी आणि एक सदरा घेतला. शिंप्याच्या मजुरीसह खर्च ८०० च्या आंत राहिला. वजन ७६ वर आलें तेव्हां त्यांतील एक विजार दीड इंच आंत घेऊन पुन्हां उपयोगांत आली.

४२ इंचांची एक जुनी विजार मात्र त्यांनीं कपाटाच्या तळाशीं जपून ठेवली होती. वजन परत वाढलेंच तर असावी, ही त्यामागील धास्ती. पत्नीला ती ठाऊक होती. पण तिनें विषय काढला नाहीं. दिवाळीच्या आवराआवरींत बोहारीण दारीं आली, तेव्हां त्यांनीं ती स्वतःच आणून दिली. बदल्यांत चहाची गाळणी आली.