मागे राहिलेल्या मुलाला खरे सांगावे



आईचे निधन झाले की लहानग्याला आपण सांगतो, 'ती गावाला गेली.' हेतू मायेचाच असतो. परंतु आपल्या नंदुरबार जिल्ह्यात या उत्तराचा अर्थ निराळा होतो. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरील अनेक आईबाप दिवाळीनंतर मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीला परततात. गेलेले माणूस परत येते, हा इथल्या मुलाचा अनुभव. ते वाट पाहत राहते. होळी पेटते, आई येत नाही. आपण तिला नकोसे झालो, असे त्याला वाटू लागते.

मरण कायमचे असते, हे ५ वर्षांखालील मुलांना सहसा उमगत नाही. ७ वर्षांच्या सुमारास ते कळू लागते. म्हणून घरच्या बोलीत, सोप्या शब्दांत सांगावे : 'आई मरण पावली. तिला आता भूक लागत नाही, दुखत नाही. ती परत येणार नाही. यात तुझा काही दोष नाही.' मूल पुनःपुन्हा विचारील. दर वेळी तेच उत्तर द्यावे. त्याला रडू द्यावे, खेळूही द्यावे. आता जेवू कोण घालणार, जवळ कोण निजणार, हेही सांगावे.

सिकलसेलने भावंड गेले असेल, तर 'मीही मरेन का?' हा प्रश्न दडपू नये. रक्ततपासणी करून घ्यावी. केवळ वाहक असलेले मूल सहसा आजारी पडत नाही आणि आजार असल्यास उपचार आहेत, हे समजवावे.

औषधांचा इलाज संपतो, तेथेही हे एक काम आपल्या हाती उरते. ते उद्यावर टाकू नये, ही विनंती.