वादळांच्या वर्षाची तयारी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय आपणांस दूरच्या समुद्राचा वाटेल. परंतु ज्या समाजातील कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजांवर नोकरीस गेली, त्याला कोणताच समुद्र परका नाही.

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळास हरिकेन म्हणतात. तेथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम असतो. एका हंगामात नाव देण्याजोगी सरासरी १४ वादळे होतात व त्यांपैकी ७ हरिकेनचे रूप घेतात, म्हणजे त्यांच्या वाऱ्याचा वेग ताशी ११९ किलोमीटर किंवा त्याहून अधिक होतो. हंगामापूर्वीच त्याचा अंदाज देण्याचे काम अमेरिकेतील विल्यम ग्रे या शास्त्रज्ञाने १९८४ साली सुरू केले.

हे ज्योतिष नव्हे. समुद्राचे पाणी जितके अधिक तापलेले, तितकी वाफ अधिक, आणि वाफ हेच वादळाचे इंधन. खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असली की वादळाची उभारणी मोडून पडते. प्रशांत महासागरात ‘एल निनो’ असता अटलांटिकवर ही तफावत वाढते, ‘ला निना’ असता कमी होते. २०२४ साली अटलांटिक विलक्षण तापला होता आणि एल निनो ओसरत होता. म्हणून अमेरिकन सरकारच्या हवामानखात्याने मे महिन्यातच १७ ते २५ वादळांचा इशारा दिला.

पुढे काय झाले? जुलैच्या आरंभीच ‘बेरिल’ने ग्रेनाडाचे कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केले. मग ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सुमारे तीन आठवडे एकही नवे वादळ नाही! अंदाज फसला, असे लोक म्हणू लागले. पण सप्टेंबरअखेर ‘हेलीन’ आले आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत पुराने हाहाकार उडविला. त्या एका वादळात २०० हून अधिक माणसे दगावली. हंगामाअखेर हिशेब झाला : १८ वादळे, ११ हरिकेन.

मात्र निव्वळ संख्येवर विसंबू नका. २०१० साली १२ हरिकेन झाली, तरी अमेरिकेच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन म्हणून आदळले नाही. उलट १९९२ चा हंगाम अगदी थंड होता. परंतु त्यातील ‘अँड्र्यू’ने दक्षिण फ्लोरिडातील २५,००० हून अधिक घरे जमीनदोस्त केली. यंदा वादळे किती, हे शास्त्र सांगू शकते; आपल्या दारी कोणते येणार, हे महिनोन्‌महिने आधी कोणी सांगू शकत नाही. म्हणून तयारी दरवर्षीच हवी.

काही वडीलधारी म्हणतात, जे तकदिरात आहे ते टळत नाही. त्यांना मी अदबीने हजरत युसुफ अलैहिस्सलाम यांची हकीकत आठवून देतो. दुष्काळाची वार्ता मिळताच त्यांनी सात सुकाळाच्या वर्षांत धान्य साठविले. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हीच आपल्याला शिकवण आहे. तयारी करणे हा तवक्कुलचाच भाग होय.

आपला अरबी समुद्रही आता पूर्वीसारखा शांत राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आपल्याकडे अशी वादळे बहुधा पावसाळ्याच्या आगेमागे येतात.

तेव्हा पालकहो, मे महिना लागताच कौले-पत्रे तपासा, घरावर कललेल्या फांद्या छाटा. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, पासपोर्ट, जमिनीची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत एका जागी ठेवा. बॅटरी, सेलवरचा रेडिओ, काडेपेटी, कोरडा शिधा व औषधे हाताशी असू द्या. घरातील म्हाताऱ्यांना व लेकरांना कोणत्या पक्क्या इमारतीत न्यायचे, हे आधीच ठरवा. वारा सुटल्यावर ठरविण्यास वेळ मिळत नाही.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमचे काम याहून मोठे आहे. वेधशाळेचा इशारा पुस्तकी भाषेत येतो. तो नीट वाचा, समजून घ्या आणि घरातील आजी-आजोबांना आपल्या बोलीत सांगा. शेजारच्या ज्या घरी वाचणारे कोणी नाही, तेथेही जा. तुमच्या भूगोलाच्या अभ्यासाने एक जरी होडी वेळेवर किनाऱ्याला लागली, तरी या संस्थेचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.