सकाळी सहाला खो-खो

दिल्लीत मे-जूनमध्ये शाळा बंद आणि पारा ४५ अंशांवर. पोरं दिवसभर कूलरपुढे, हातात मोबाइल आणि चिप्स. अमेरिकेतल्या अभ्यासांत मुलांचं वजन शाळेपेक्षा सुट्टीत जास्त वाढलेलं दिसलं. त्यात नवल नाही.

इथे आपण मराठी माणसं मूठभर, तरी गणपतीत हॉल भरतो. मग उन्हाळ्यात सकाळी सहाला वीस मुलं का जमू नयेत? जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक याच शहरात झाला. त्याला लागतं काय? दोन खांब, मोकळी जागा.

स्पर्धा मात्र नको. जाड मूल पहिल्याच धावेत बाद झालं, सगळे हसले, की उद्या ते येत नाही. बाद झालेल्यालाही पुन्हा पळू द्या. मुलींना वेगळं बसवू नका. साडेसातला, ऊन चढायच्या आत घरी. आणि आई-बाबांनीही बूट घालून यावं, नुसतं सोडायला नको.