आरशाचा कॅमेरा की बिनआरशाचा?
(रौप्य महोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं मी कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो. आज पहिल्यांदाच समोर उभं केलंत. दहा मिनिटं दिली आहेत, तेवढीच घेतो.

गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत, ‘ऐन वेळचे विषय’ सुरू असताना, एका पोराने विचारलं, “काका, कॅमेरा कधी बदलणार? आता मिररलेस आलाय.” सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर झोप लागेना. पुण्याहून मुलगा म्हणाला, “बाबा, अर्धे पैसे मी देतो.” म्हणजे ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदकही मिळाला. फक्त आमच्या घरच्या चेअरमन म्हणाल्या, “आधी हिशोब मांडा.”

तो हिशोब आज तुमच्यासमोर मांडतो.

माझा कॅमेरा निकॉन डी९०. २०१० साली पगाराचा फरक हातात आला, हिच्या पाटल्या व्हायच्या, त्याऐवजी कॅमेरा झाला. हे अजून वर्षातून दोनदा ऐकतो. या कॅमेऱ्याच्या पोटात तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला उजेड तो वर फेकतो आणि आपल्याला खिडकीतून दिसतं. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, ‘खट्ट’ होतं आणि फोटो निघतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि खिडकीत छोटा पडदा असतो. फोटो उजळ येणार की काळा, ते आधीच दिसतं. हवा तर आवाज अजिबात होत नाही. माणसाचा डोळा शोधून फोकस तो स्वतः करतो. बऱ्याच मॉडेलांत हात थरथरला तरी सेन्सर सावरून घेतो. साठी ओलांडलेल्या माणसाला हे ऐकून मोह होणारच.

जगही तिकडेच चाललंय. निकॉन आणि कॅनन या दोघांनी २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरचे मिररलेस आणले आणि त्यानंतर नव्या लेन्सचा सगळा भर तिकडेच गेला. म्हणून तरुण मंडळींना सांगतो, पहिलाच कॅमेरा घेणार असाल तर मिररलेसच घ्या.

माझी अडचण वेगळी आहे. मिररलेस घेणं म्हणजे नुसता कॅमेरा घेणं नाही, अख्खा संसार नव्याने मांडणं आहे. लेन्स जिथे बसते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर जुन्या निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर, नव्यात १६. मध्ये जोडकडी लावून जुनी लेन्स बसते. पण माझी लाडकी ५० मिलिमीटरची लेन्स जुन्या पद्धतीची. तिचा फोकस कॅमेऱ्यातल्या मोटरवर फिरतो, आणि निकॉनच्या त्या जोडकडीत मोटर नाही. म्हणजे फोकस हाताने. बॉडी, दोन लेन्स, जादा बॅटरी धरून आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. पेन्शनरच्या घरात दोन लाख म्हणजे एखादं ऑपरेशन असतं.

मग मी एक वही केली. त्या गणपतीपासून पुढच्या गणपतीपर्यंत जो फोटो हुकला तो लिहायचा आणि पुढे कारण लिहायचं. वर्षभरात ४१ नोंदी झाल्या. त्यातले २२ फोटो हुकले कारण कॅमेरा कपाटात होता. मुळा धरणाच्या भिंतीवर पावसात आडवी आलेली वीज, खालच्या अंगणात आजीच्या हातची पहिली शेवई खाणारी नात, सगळं गेलं. ९ वेळा चूक माझीच होती. बॅटरी चार्ज नव्हती, नाहीतर सेटिंग कालचंच राहिलं होतं. ४ वेळा लेन्स कमी पडली. आणि कॅमेऱ्याचा दोष निघाला फक्त ६ वेळा. काकड आरतीला अंधार होता आणि ‘खट्ट’ आवाजाने चार माळकऱ्यांनी वळून बघितलं. कोजागरीला गच्चीवरचे चेहरे हलले. असेच आणखी चार.

एक्केचाळीसपैकी सहा. दोन लाख त्या सहांसाठी होते.

आता कुणी म्हणेल, काका चिक्कू आहेत. तसं नाही. कॅमेऱ्यासाठी कर्ज काढणारी माणसं महाराष्ट्राने पाहिली आहेत. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवलदाराला पटावं म्हणून आधी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याचा वेल वाढताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ते दाखवलं. आपल्या कृषी विद्यापीठाच्या गावाला हे आवडायला हवं! सरस्वतीबाईंनी त्यात किती कष्ट उपसले ते वेगळंच. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. दुसरीकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. त्यांनी विकत न घेता खटपट करून कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. एकाने उसनवारी करून नवा घेतला, एकाने घरी बनवला. दोघंही बरोबर. कारण दोघांनाही आधी माहीत होतं, आपल्याला कोणतं चित्र हवंय. ते मला माहीत नव्हतं.

ते मला गेल्या श्रावणात कळलं. बी विंगमधले आपले एक ज्येष्ठ सभासद गेले. नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांची मुलगी दारात आली. “काका, बाबांचा हसरा फोटो आहे का हो तुमच्याकडे? दहाव्याला लावायला.” मला लख्ख आठवत होतं. २००० सालच्या भूमिपूजनाला कुदळ खांद्यावर टाकून ते खळखळून हसले होते आणि मी फोटो काढला होता, जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर, याच ५० च्या लेन्सने. रात्री दोन वाजेपर्यंत खोके उपसले. सापडला नाही. दहाव्याला ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून लावला. तो हसरा माणस त्यात कुठेच नव्हता.

महिन्याभराने ती निगेटिव्ह मिळाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणाने दुसरीला चिकटलेली, कडेला बुरशी धरलेली. चेहरा वाचला होता, एवढंच.

त्या दिवशी माझ्या वहीत बेचाळिसावी नोंद झाली: ‘काढलेला फोटो हुकला.’ काढायचा राहिला त्याची हळहळ वाटते. काढूनही देता आला नाही, त्याची लाज वाटते.

तेव्हा ठरलं. मिररलेसचा ठराव नामंजूर नाही, तहकूब. हात आणखी थरथरायला लागले किंवा डी९० ने मान टाकली, की पुन्हा पटलावर घेऊ. तोपर्यंत त्या कॅमेऱ्याला नवं काम दिलंय. जवळून फोकस करणारी एक वापरलेली मॅक्रो लेन्स घेतली. पांढऱ्या उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, वरून डी९० ने फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर रंग उलटे करायचे. १२ मेगापिक्सेल या अंकाच्या पानाला भरपूर होतात. या स्मरणिकेतले भूमिपूजनाचे फोटो असेच वाचवलेले आहेत. पान उघडाल तेव्हा कुदळवाले बाबा हसताना दिसतील. त्यांच्या मुलीला पहिली प्रत मी स्वतः नेऊन दिली.

आता माझी एक मागणी. प्रत्येक घरात माळ्यावर एक पिशवी असते, लग्नाच्या, बारशाच्या फोटोंची आणि निगेटिव्हची. दिवाळीच्या साफसफाईत ती टाकू नका. चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नका, तशाच आणा. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसेन. फी नाही, चहा मात्र तुमचा. फोटोमागे नाव आणि साल लिहून आणा, कारण नाव सांगणारी माणसंही कमी होत चालली आहेत. आणि पुढच्या सतरंजीवरच्या दोघा-तिघांनी माझ्याशेजारी येऊन बसा. सुवर्ण महोत्सवाचे फोटो तुम्हालाच काढायचे आहेत, आणि तुमचा कॅमेरा बिनआरशाचाच असेल.

दहा मिनिटं संपली. आता सगळे जरा जवळ सरका, मला तुमचा फोटो काढायचाय. कॅमेरा आज कपाटात नाही.